गोचीडविरोधी लस परदेशात तयार झाली, मग ती आपल्या गोठ्यापर्यंत का आली नाही?

गोठामालक, संगमनेर

नमस्कार. आमचा संकरित होल्स्टीन गाईंचा गोठा आहे आणि घर पूर्णपणे दुधावर चालते. लाळ्या-खुरकूत, घटसर्प, फऱ्या आणि अलीकडे लम्पी, या सगळ्यांच्या लसी आम्ही वेळच्या वेळी टोचून घेतो. पण ज्याचा त्रास वर्षभर असतो आणि पावसाळा लागल्यापासून दिवाळीपर्यंत असह्य होतो, त्या गोचिडांवर मात्र लस नाही, फक्त फवारणी आहे. पूर्वी डेल्टामेथ्रिनची एक फवारणी केली की दुसऱ्या दिवशी गोचीड गळून पडलेले दिसत. आता औषध बदलले, मात्रा पशुवैद्यांना विचारून नेमकी ठेवली, तरी कासेजवळ, शेपटीच्या मुळाशी आणि कानांत ते तसेच चिकटलेले असतात.

मागच्या हंगामात एका पहिलारू गाईला थायलेरिओसिस म्हणजे गोचीड ताप झाला. भरपूर ताप आला, खांद्यापुढच्या गाठी सुजल्या, डोळ्यांची आतली त्वचा पांढरी पडली. ब्युपार्व्हाक्वोनचे इंजेक्शन वेळेवर मिळाल्यामुळे ती वाचली, पण त्या वेतात तिचे दूध परत वर आले नाही. ज्यांच्याकडे दोनच गाई आहेत अशा माणसाचे एवढ्या एका आजारात वर्ष वाया जाते, हे मी आसपास पाहतो आहे, म्हणून हा प्रश्न केवळ माझ्या गोठ्यापुरता विचारत नाही.

एका प्रशिक्षणात असे ऐकले की क्युबामध्ये गोचिडांवर लस आहे आणि ऑस्ट्रेलियातही एके काळी होती. मला तीन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. जंतूवर लस असते हे कळते, पण बाहेरून येऊन कातडीला चिकटणाऱ्या किड्यावर लस काम कशी करते? ती तीस वर्षांपूर्वी तयार झाली असेल तर भारतात अजून का मिळत नाही? आणि उद्या ती मिळू लागली, तर माझी फवारणी थांबेल का? जाणकारांनी सविस्तर लिहावे ही विनंती.

पशुवैद्य, सातारा जिल्हा

आपला प्रश्न गावोगाव विचारला जातो, म्हणून सुरुवातीलाच एक घोळ दूर करतो. थायलेरिओसिसवर आपल्याकडे लस उपलब्ध आहे. ‘रक्षाव्हॅक-टी’ या नावाने ती मिळते, द्रव नायट्रोजनमध्ये साठवावी लागते आणि संकरित वासरांना एकदाच टोचली जाते. पण ती लस थायलेरिया अॅन्युलाटा या रक्तातील परोपजीवीविरुद्ध आहे, गोचिडाविरुद्ध नाही. ती दिलेल्या जनावरावर गोचीड पूर्वीइतकेच बसतात, रक्त पितात आणि बबेसिओसिस म्हणजे लाल लघवीचा आजार किंवा अॅनाप्लाज्मोसिस पसरवू शकतात. ‘गोचीड तापाची लस दिली, तरी गोचीड का आहेत’ अशी तक्रार मी अनेकदा ऐकतो, तिचे मूळ इथे आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे आपल्या गोठ्यांत एकाच प्रकारचा गोचीड नसतो. निळसर-राखाडी, मोठ्या मणुकेएवढा फुगणारा ऱ्हिपिसेफॅलस मायक्रोप्लस हा मुख्यतः बबेसिया आणि अॅनाप्लाज्मा पसरवतो. लांब, पट्टेदार पायांचा हायलोमा हा थायलेरिया पसरवतो. पहिला लार्वा म्हणजे अंड्यातून निघालेल्या पिलाच्या अवस्थेपासून रक्त पिऊन फुगेपर्यंत सुमारे तीन आठवडे एकाच जनावरावर राहतो. दुसरा मधल्या काळात जनावर सोडून गोठ्याच्या भेगांत जातो आणि पुन्हा नवे जनावर शोधतो. लस कोणत्या गोचिडावर आणि त्याच्या कोणत्या अवस्थेवर चालेल, हे यावर अवलंबून असते. आपल्या पहिलारू गाईला जो आजार झाला तो हायलोमाने आणलेला होता, आणि क्युबाची लस प्रामुख्याने मायक्रोप्लससाठी केलेली आहे. त्यामुळे ती लस आधीच आली असती तरी नेमका तो आजार टळलाच असता असे मी म्हणणार नाही. लसीच्या घडणीविषयी या विषयात संशोधन करणाऱ्या सदस्यांनी लिहावे.

परोपजीवी-अभ्यासक, ब्रिस्बेन

मी मूळचा अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातला असून सध्या क्वीन्सलँडमध्ये गुरांच्या परोपजीवींवर काम करतो. गोचीडविरोधी लसीचा मोठा भाग याच देशात घडला असल्यामुळे थोडे विस्ताराने लिहितो.

या कल्पनेची सुरुवात फार जुनी आहे. १९३९ मध्ये विल्यम ट्रेगर यांनी दाखवले की गिनीपिगवर एकदा गोचीड पोसले की पुढच्या वेळी त्याच गिनीपिगवर गोचिडांना नीट रक्त पिता येत नाही. म्हणजे शरीर गोचिडाला ओळखते आणि त्याला विरोध करते. गाईंमध्येही हे घडते. पण संकरित आणि विदेशी रक्ताच्या बहुतेक गाईंमध्ये हा नैसर्गिक विरोध इतका क्षीण असतो की त्यावर विसंबता येत नाही. याचे एक कारण गोचिडाच्या लाळेत आहे. त्या लाळेतील असंख्य प्रथिने रक्त गोठू देत नाहीत, वेदना जाणवू देत नाहीत आणि प्रतिकारशक्तीलाही दाबून ठेवतात. लाखो वर्षांच्या सहवासात गोचीड आणि त्याचे यजमान प्राणी एकमेकांना ओळखून आहेत, आणि जे प्रथिन गाईच्या प्रतिकारशक्तीला रोज दिसते, त्याला तोंड देण्याचा मार्ग गोचिडाने आधीच शोधलेला असतो.

म्हणून १९७० च्या दशकाच्या अखेरीस वेगळा विचार पुढे आला. गाईला जे प्रथिन कधीच दिसत नाही, अशा एखाद्या प्रथिनाविरुद्ध तिच्या रक्तात प्रतिपिंडे, म्हणजे त्याला ओळखून चिकटणारी संरक्षक प्रथिने, तयार केली तर? गोचिडाचे आतडे त्याच्या शरीरात असते. ते गाईच्या संपर्कात येत नाही, पण गाईचे रक्त मात्र थेट त्या आतड्यात जाते, आणि रक्ताबरोबर त्यातील प्रतिपिंडेही जातात. १९७९ मध्ये अॅलन आणि हम्फ्रीज यांनी गोचिडाच्या आतड्याचा अर्क टोचून हे शक्य असल्याचे दाखवले. त्यानंतर ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ या राष्ट्रीय संशोधन संस्थेत पीटर विलाडसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मायक्रोप्लसच्या आतड्यातील पेशींच्या पृष्ठभागावरचे नेमके एक प्रथिन वेगळे केले. त्याचे नाव बीएम-८६. हे प्रथिन गोचिडात इतके अल्प असते की गोचीड चिरडून लस बनवणे अशक्य होते. त्यामुळे त्याचे जनुक शोधून दुसऱ्या सजीवात ते प्रथिन तयार करणे भाग होते. या कामाचे मुख्य निबंध १९८९ मध्ये प्रसिद्ध झाले.

आता आपला पहिला प्रश्न. लस दिलेल्या गाईचे रक्त पिताना गोचीड तिची प्रतिपिंडेही पितो. ती प्रतिपिंडे गोचिडाच्या आतड्याच्या पेशींना चिकटतात, रक्तातील ‘कॉम्प्लिमेंट’ नावाच्या प्रथिनांच्या मदतीने त्या पेशी फोडतात, आणि आतड्याला गळती लागते. प्यालेले रक्त आतड्यातून गोचिडाच्या शरीरपोकळीत झिरपते, म्हणून अशा गायीवरच्या काही माद्या राखाडी न दिसता तांबूस दिसतात. काही मरतात. पण पुष्कळशा मरत नाहीत. त्या कमी फुगतात, कमी अंडी घालतात आणि त्यांच्या अंड्यांतून कमी लार्वे निघतात.

हे शेवटचे वाक्य या संपूर्ण विषयाचा गाभा आहे, म्हणून त्यावर थोडे थांबतो. लसीची परिणामकारकता मोजताना संशोधक तीन गोष्टींचा गुणाकार करतात: लस न दिलेल्या गाईंच्या तुलनेत किती माद्या पूर्ण फुगून खाली पडल्या, त्यांनी किती अंडी घातली आणि त्यांतली किती उबली. समजा माद्यांची संख्या १०० वरून ६० वर आली, प्रत्येकीची अंडी निम्मी झाली आणि उबण्याचे प्रमाण सत्तर टक्क्यांवर आले. ०.६ गुणिले ०.५ गुणिले ०.७ म्हणजे ०.२१. पुढची पिढी एकपंचमांश उरली, म्हणून लस ७९ टक्के परिणामकारक ठरली. शास्त्रीयदृष्ट्या हा हिशोब पूर्णपणे बरोबर आहे. पण शेतकऱ्याच्या डोळ्यांना आज काय दिसते? शंभरपैकी साठ गोचीड गाईच्या अंगावर तसेच फुगलेले दिसतात. रक्त पिऊन झालेली एक मादी दोन ते तीन हजार अंडी घालते हे लक्षात घेतले, तर पुढची पिढी एकपंचमांश होणे केवढी मोठी गोष्ट आहे हे कळते. परंतु तो लाभ काही आठवड्यांनी, चराईवर आणि गोठ्यात लार्व्यांची संख्या घटू लागल्यावरच जाणवतो. फवारणीचे औषध गाईच्या अंगावरच्या गोचिडाला मारते, तर ही लस गोठ्यातल्या गोचिडांची पुढची पिढी कमी करते. दोन्ही साधनांकडून एकच अपेक्षा ठेवली की निराशा होते, आणि ऑस्ट्रेलियात नेमके तेच झाले.

इथे ‘टिकगार्ड’ या नावाने ही लस १९९४ मध्ये बाजारात आली. सुरुवातीच्या मात्रांनंतर दर काही महिन्यांनी पुन्हा टोचावी लागे. बीएम-८६ गाईला नैसर्गिकरीत्या कधी दिसत नसल्यामुळे गोचीड चावल्याने प्रतिकारशक्तीची आठवण ताजी होत नाही, प्रत्येक वेळी सुईच लागते. क्वीन्सलँडच्या विस्तीर्ण कुरणांवर वर्षातून अनेकदा हजारो गुरे गोळा करणे परवडणारे नव्हते आणि औषधाइतका तात्काळ परिणामही दिसत नव्हता. मागणी कमी राहिली आणि पुढे ती लस बाजारातून गेली. विज्ञान चुकले नव्हते, पण ज्या पद्धतीच्या पशुपालनात ती उतरवली गेली तिथे ती बसली नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

क्युबात चित्र वेगळे झाले. हवानाच्या जनुकीय अभियांत्रिकी आणि जैवतंत्रज्ञान केंद्राने तेच प्रथिन यीस्टमध्ये तयार करून ‘गाव्हॅक’ ही लस काढली. तिथे ती पहिल्या वर्षी तीन मात्रा, म्हणजे सुरुवातीला, चौथ्या आणि सातव्या आठवड्यात, आणि मग दर सहा महिन्यांनी एक, अशी सरकारी दुग्धशाळांमध्ये सलगपणे दिली गेली. त्याबरोबर औषधांची फवारणी अजिबात थांबवली नव्हती. गोचिडांची संख्या ठरावीक मर्यादेपेक्षा वाढली तरच फवारणी करायची, असे ठरवले होते. १९९५ ते २००३ या काळात २,६०,००० पेक्षा अधिक गुरांवर ठेवलेल्या नोंदींत फवारण्यांची संख्या ८७ टक्क्यांनी घटली. लस येण्याआधी दर हजार गुरांमागे बबेसिओसिसचे ५४ रुग्ण आढळत, सहा वर्षांनी ते १.९ वर आले. हे यश एकट्या लसीचे मानता येणार नाही; लस, मोजणी आणि शिस्तशीर फवारणी या तिन्ही गोष्टी एका प्रदेशातल्या सगळ्या गुरांवर एकाच वेळी राबवल्या गेल्या, त्याचे हे यश आहे.

जाता जाता एक नोंद करतो, कारण ती मला नेहमी महत्त्वाची वाटते. मायक्रोप्लस हा गोचीड मूळचा दक्षिण आणि आग्नेय आशियाचा. १८७२ मध्ये बटाव्हियाहून, म्हणजे आजच्या जकार्ताहून, आणलेल्या ब्राह्मन गुरांबरोबर तो डार्विन बंदरात उतरला आणि तिथून ऑस्ट्रेलियाच्या उत्तर व पूर्व भागात पसरला, असे मानले जाते. ज्या प्रदेशातून हा उपद्रव जगभर गेला, त्या प्रदेशातल्या शेतकऱ्याच्या हाती त्यावरची लस सर्वांत शेवटी यावी, ही गोष्ट मला अस्वस्थ करते.

गोठामालक, संगमनेर

इतके सविस्तर लिहिल्याबद्दल मनापासून आभार. गुणाकाराचा हिशोब वाचल्यावर पुष्कळ गोष्टी उलगडल्या. मग साधा प्रश्न असा की क्युबाची लस तयार आहे, तिचे परिणाम नोंदवलेले आहेत, तर तीच आयात करून आपल्याकडे का देता येत नाही?

परोपजीवी-अभ्यासक, ब्रिस्बेन

कारण एका देशातल्या गोचिडाचे बीएम-८६ दुसऱ्या देशातल्या गोचिडाच्या बीएम-८६ सारखे हुबेहूब नसते. याचा पहिला ठोस धडा अर्जेंटिनाने दिला. तिथल्या ‘ए’ नावाच्या वाणाच्या गोचिडांवर बीएम-८६ ची लस चाललीच नाही. क्युबाच्या शास्त्रज्ञांनी त्याच वाणातून त्याच्याशी मिळतेजुळते, पण थोड्या वेगळ्या रचनेचे बीएम-९५ हे प्रथिन वेगळे केले आणि त्याची लस त्या वाणावर तसेच इतर वाणांवरही चालली. पुढे जनुकीय अभ्यासांतून हेही दिसले की ज्याला सगळे मायक्रोप्लस म्हणत होते तो एकजिनसी नाही. ऑस्ट्रेलियातील गोचिडाला २०१२ मध्ये ऱ्हिपिसेफॅलस ऑस्ट्रालिस अशी स्वतंत्र ओळख देण्यात आली, आणि भारतातील मायक्रोप्लस हा दक्षिण अमेरिकेतील मायक्रोप्लसपासून जनुकीयदृष्ट्या वेगळ्या गटात मोडतो. प्रथिनातला थोडासा फरकही प्रतिपिंडांच्या पकडीवर परिणाम करू शकतो, म्हणून आयात केलेली लस इथल्या गोचिडांवर तपासल्याशिवाय गावात आणणे योग्य ठरणार नाही.

भारतात काम झालेच नाही, असा समज मात्र होऊ देऊ नका. बरेलीजवळच्या इज्जतनगर येथील भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्थेत गेली अनेक वर्षे या विषयावर सातत्याने काम चालले आहे. भारतातच बीएम-९५ वर आधारित लस संकरित वासरांना देऊन भारतीय मायक्रोप्लस सोडले, तेव्हा पहिल्या चाचणीत सुमारे ८१ टक्के परिणामकारकता मिळाली. हायलोमाच्या आतड्यातले बीएम-८६ चे समकक्ष प्रथिन वेगळे करून त्याचीही चाचणी झाली. मला ती विशेष महत्त्वाची वाटते, कारण थायलेरिया बाळगणारे हायलोमा सोडूनही त्या वासरांना काही प्रमाणात संरक्षण मिळाले. तुमच्या पहिलारू गाईच्या बाबतीत जो प्रश्न आहे त्याला थेट भिडणारे हे काम आहे. सबोलेसिन नावाच्या आणखी एका प्रथिनावरही इज्जतनगरला काम झाले. ते प्रथिन गोचिडाच्या पेशींच्या आत राहून अनेक जनुकांचे नियमन करते आणि जवळजवळ सर्व प्रकारच्या गोचिडांत फारसे न बदलता आढळते. एकाच लसीने अनेक गोचीड आवरता येतील, या आशेने त्याकडे पाहिले गेले. मात्र भारतीय मायक्रोप्लसवर त्याची परिणामकारकता सुमारे ४४ टक्के आली. एवढ्यावर लस बाजारात आणता येत नाही. पण दुसऱ्या प्रतिजनाबरोबर, म्हणजे लसीत वापरायच्या दुसऱ्या प्रथिनाबरोबर, मिसळायला तो उपयोगी पडू शकतो.

सध्या जगभरातील संशोधकांचा कल अशा मिश्र लसींकडेच आहे: आतड्यातील एक प्रथिन, लाळेतील एक, अंडी तयार होण्याशी संबंधित एक. युगांडामध्ये तिथल्या राष्ट्रीय कृषी संशोधन संस्थेने होजे दे ला फुएन्ते यांच्या स्पेनमधील गटाबरोबर सबोलेसिनवर आधारित लसीचे प्रयोग केले आहेत. दे ला फुएन्ते हे पूर्वी क्युबाच्या लसीवर काम करणाऱ्यांपैकीच. इथे क्वीन्सलँड विद्यापीठात अला ताबोर यांचा गट नव्या प्रतिजनांवर काम करतो. ही कामे संथ असण्याचे कारण पैसा तर आहेच, पण चाचणीची पद्धतही आहे. जंतूची लस तपासायला प्रयोगशाळेत पेशी वाढवता येतात. गोचिडाची लस तपासायला खऱ्या गाई लागतात, प्रत्येक गाईवर मोजून लार्वे सोडावे लागतात, तीन आठवडे पडणारी प्रत्येक मादी वेचून तिचे वजन करावे लागते, तिची अंडी उबेपर्यंत थांबावे लागते, आणि एवढे करून गाईगाईंमधला नैसर्गिक फरक इतका असतो की मोजक्या जनावरांवरून निष्कर्ष काढणे धोक्याचे ठरते.

वाचक, सिंधुदुर्ग

मी दोडामार्ग तालुक्यातून लिहीत आहे. आमच्याकडे २०१६ पासून माकडतापाचे रुग्ण आढळत आहेत आणि शेजारी गोव्यात सत्तरी तालुक्यातही तो आहे. तो आजारही गोचिडांमुळेच होतो. गुरांना अशी लस दिली तर माणसांचा माकडताप कमी होईल का? शिवाय आमच्याकडच्या कोकण कपिला गाईंवर गोचीड फारसे दिसत नाहीत, संकरित गाई आणल्या की मात्र दिसतात. मग लसीवर एवढा खर्च करण्याऐवजी देशी गाईच पाळाव्यात असे का म्हणू नये?

पशुवैद्य, सातारा जिल्हा

माकडताप पसरवणारा मुख्य गोचीड हेमाफायसॅलिस स्पिनिजेरा हा आहे. त्याचे लार्वे आणि निम्फ (लार्व्यानंतरची, प्रौढ होण्याआधीची अवस्था) जंगलातले उंदीर, माकडे आणि माणसे यांना चावतात, तर प्रौढ गोचीड गुरांवर पोसले जातात. म्हणजे गुरांचा संबंध आहे, पण बीएम-८६ ची लस त्या गोचिडासाठी केलेली नाही. आफ्रिकेतील अॅम्ब्लिओमासारख्या काही गोचिडांवर ती चालत नाही हे प्रयोगांतून दिसलेले आहे. त्यामुळे सगळ्या गोचिडांवर एकच लस चालेल असे गृहीत धरून माकडतापाच्या भागात निश्चिंत राहणे फार धोक्याचे आहे. जंगलात जाताना पूर्ण कपडे, गोचीड प्रतिबंधक तेल, आणि परत आल्यावर अंग तपासून गरम पाण्याने आंघोळ, यांना आज पर्याय नाही. तापाचा रुग्ण असेल तर आरोग्य केंद्रात जंगलात गेल्याची माहिती आवर्जून द्यावी.

देशी गाईंचे आपले निरीक्षण बरोबर आहे. वशिंड असलेल्या गोवंशात गोचिडांविरुद्धची कमावलेली प्रतिकारशक्ती युरोपीय गोवंशापेक्षा ठळकपणे अधिक असते. आमच्या भागातल्या खिल्लार जनावरांवरही मी तेच पाहतो. डांगी, देवणी, लाल कंधारी यांचे पालक तसेच सांगतात. कोकणात, जिथे दुधापेक्षा काटक जनावर हवे आहे, तिथे देशी गाय हाच गोचिडांवरचा सर्वांत स्वस्त आणि टिकाऊ उपाय आहे, असे मी मनापासून मानतो. पण संगमनेरसारख्या भागात दूधधंदा संकरित गाईंवर उभा आहे, कर्जे त्यांच्यावर आहेत, आणि त्या माणसाला गाय बदला असे सांगणे म्हणजे त्याचा प्रश्न न ऐकण्यासारखे आहे. लस हवी आहे ती त्याच्यासाठी.

परोपजीवी-अभ्यासक, ब्रिस्बेन

डॉक्टरांच्या मुद्द्याला एक जोड देतो. गोचीड आणि त्यांच्यामुळे होणारे आजार आवरण्याचा भारतातील वार्षिक खर्च २००३ च्या एका अभ्यासात सुमारे ५० कोटी अमेरिकन डॉलर इतका मानला होता. त्यानंतर संकरित गाई वाढल्या, म्हणजे गोचिडांना सहज बळी पडणारी जनावरे वाढली आणि औषधांना दाद न देणाऱ्या गोचिडांच्या नोंदीही अनेक राज्यांतून आल्या. औषध मारते ते फक्त त्याला दबणाऱ्या गोचिडांना. जे तगतात तेच अंडी घालतात, आणि प्रत्येक फवारणी ही एका अर्थाने तगणाऱ्यांची निवड असते. लस या निवडीचा वेग कमी करते, कारण फवारणीची गरजच कमी होते. परिणामकारकता साठ-सत्तर टक्के असली तरी अशी लस का हवी, याचे माझ्या दृष्टीने हे सर्वांत मोठे कारण आहे. दुधात औषधाचा अंश उतरण्याचा प्रश्नही त्यामुळे हलका होतो. प्रतिपिंडांचा दुधात काही अपाय नसतो.

मात्र ती भारतात आली तर वैयक्तिक गोठ्यापुरती विकली जाऊ नये, असे मला तीव्रतेने वाटते. एकाने लस द्यायची आणि शेजाऱ्याने नाही, असे झाले तर सामाईक चराईवर शेजाऱ्याच्या गाईंवरचे लार्वे पहिल्याच्या गाईंवर चढत राहतील, पैसे देणाऱ्याला फरक दिसणार नाही आणि ऑस्ट्रेलियात झाली तशी ती बदनाम होईल. आपल्याकडे लाळ्या-खुरकूत लसीकरणाच्या मोहिमा वर्षातून दोनदा गावोगाव जातात, आणि दर सहा महिन्यांची मात्रा त्या वेळापत्रकात बसू शकते. पहिल्या वर्षीच्या जादा मात्रा हीच खरी अडचण असेल. दूध संघांनी आपल्या सभासदांच्या सगळ्या जनावरांसाठी ती एकत्रितपणे राबवली, तर क्युबाच्या सरकारी दुग्धशाळांना जे साधले त्याच्या जवळ आपण जाऊ शकतो. क्वीन्सलँडपेक्षा आपल्याकडची परिस्थिती याला अनुकूल आहे, कारण आपल्या गाई दिवसातून दोनदा दावणीला येतात आणि टोचण्यासाठी त्यांना गोळा करावे लागत नाही.

गोठामालक, संगमनेर

म्हणजे आज बाजारात लस नाही आणि उद्या आली तरी फवारणी पूर्ण थांबणार नाही, एवढे निश्चित झाले. आमच्या दूध संस्थेच्या पुढच्या बैठकीत मी एकत्रित गोचीड नियंत्रणाचा विषय मांडणार आहे, निदान सगळ्यांनी एकाच आठवड्यात फवारणी करावी म्हणून. डॉक्टरसाहेब, लस येईपर्यंत फवारणीच हाती आहे, तर ती वाया जाऊ नये यासाठी पहिले पाऊल काय उचलावे?

पशुवैद्य, सातारा जिल्हा

सर्वांनी एकाच वेळी फवारणी करण्याचा आपला विचार उत्तम आहे. त्यात भाकड जनावरे, वासरे, बैल आणि म्हशी यांपैकी कोणीही सुटू नये, आणि त्याच दिवशी गव्हाणीच्या भेगा, दगडी भिंतींच्या फटी व दावणीचे खुंट यांचीही साफसफाई व्हावी, कारण अंडी तिथे घातली जातात. नवे जनावर विकत आणले तर तपासून, उपचार करून मगच गोठ्यात सोडावे. शेतीची कीटकनाशके जनावरांवर वापरू नयेत, आणि दुभत्या गाईला आयव्हरमेक्टिन स्वतःच्या मनाने देऊ नये.

पण या सगळ्याच्या आधी, आपल्या गोठ्यातले गोचीड नेमक्या कोणत्या औषधाला दाद देत नाहीत हे तपासून घ्यावे. महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाची पशुवैद्यकीय महाविद्यालये मुंबई, शिरवळ, परभणी, उदगीर, नागपूर येथे आहेत. आपल्याला शिरवळ किंवा मुंबई सोयीचे पडेल. आधी तिथल्या परजीवीशास्त्र विभागाशी बोलून मग नमुने न्यावेत. पूर्ण फुगलेल्या माद्या हलक्या हाताने, तोंडाचा भाग न तुटता काढाव्यात, किंवा गोठ्यात आपोआप पडलेल्या वेचाव्यात. त्या जिवंतच हव्या असतात, म्हणून स्पिरिटमध्ये बुडवू नयेत. तोंडाला सुती कापड बांधलेल्या बाटलीत, आत किंचित ओलसर कापूस ठेवून, शक्य तितक्या लवकर पोहोचवाव्यात. फवारणी झाल्यानंतर लगेच गोळा केलेले गोचीड चालत नाहीत, मध्ये काही आठवडे गेलेले असावेत. सोबत गेल्या दोन वर्षांत वापरलेल्या औषधांची नावे, मात्रा आणि अंदाजे तारखा लिहून द्याव्यात. मायक्रोप्लस आणि हायलोमा वेगवेगळ्या बाटल्यांत ठेवता आले तर अधिक चांगले. ओळखता येत नसतील तर गोळा करून ठेवा, आपल्या तालुक्यातील पशुधन विकास अधिकारी ते वेगळे करून देतील.